गावाला ‘पुरे’ म्हणू शकणारी माणसे

एक हेक्टर उसाला पाटाने पाणी दिले, तर वर्षाकाठी साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते. हजार वस्तीच्या गावात माणशी रोज ५५ लिटर धरा, म्हणजे जलजीवन मिशनचा निकष लावा. त्या गावाचे पिण्या-वापरण्याचे वर्षाचे पाणीही दोन कोटी लिटरच भरते. अडीच एकर ऊस एकीकडे आणि अख्खे गाव एकीकडे. आठवी-नववीतली मुलगी हा गुणाकार पाच मिनिटांत करेल. ज्याच्या रानात ऊस उभा आहे त्याच्यासमोर, भर ग्रामसभेत, भावकी न तोडता तो मांडायचा आणि पुढच्या हंगामासाठी गावाकडून काही ठरवून घ्यायचे, हे मात्र फार थोड्यांना जमते.

पर्यावरणाचे नेतृत्व म्हणतात ते माझ्या मते हेच. पाच जूनला रोप लावणारे हात भरपूर आहेत आणि त्यांचा उत्साह खोटा नाही. पण विहिरी आटल्या, डोंगर उघडे पडले, ते रोपे कमी पडली म्हणून नव्हे. किती घ्यायचे हे ठरवणारे कुणी नव्हते, किंवा होते त्यांचे कुणी ऐकले नाही, म्हणून हे झाले. अशी ठरवू शकणारी माणसे घडवण्याचे गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रात बरेच प्रयोग झाले. त्यांतून काय शिकवता येते, किती वेळात येते आणि कुठे घोडे अडते, ते पाहू.

वर्गातला पर्यावरण विषय

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा एकच अभ्यासक्रम आखला. त्यात परिसंस्था आहे, प्रदूषण आहे, कायदे आहेत आणि क्षेत्रभेटही आहे. आज पदवीधर झालेल्या बहुतेक तरुणांनी हा पेपर दिलेला असतो.

अभ्यासक्रम वाईट नाही. अडचण अशी की त्यातला विद्यार्थी कुठल्याच जागेला बांधलेला नसतो. ओढ्याचे प्रदूषण तो पुस्तकात वाचतो. कॉलेजमागच्या ओढ्यात कुणाचे सांडपाणी येते हे शोधायला त्याला कुणी पाठवत नाही, आणि त्याने शोधले तरी ते सांगायला बैठक नसते. माहिती मिळते, पण माहितीवर निर्णय घेणारा समूह मिळत नाही. पुढे ज्या उदाहरणांकडे वळायचे आहे, त्यांत शिकणाऱ्याच्या मागे एक गाव आहे आणि शिकलेले वापरायला एक हंगाम आहे. फरक तिथेच पडला.

पाणी पंचायत: आधी वाटप, मग उपसा

१९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली माणसे खडी फोडायला जात होती. पुण्यातले अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी हे पाहिले आणि नायगाव इथे देवस्थानची ४० एकर जमीन कराराने घेऊन पाणलोटाचे काम सुरू केले. बांध घातले, पाझर तलाव आणि विहीर केली, उघड्या माळावर पीक उभे राहिले. त्यांची मोठी कामगिरी मात्र याच्या पुढची आहे. पाणी आल्यावर ते कुणाचे, हा प्रश्न त्यांनी पाइप टाकायच्या आधी विचारला.

यातून त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीचे नियम आजही कुठल्याही प्रशिक्षणात पहिल्या दिवशी वाचावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या मापात नाही, माणसांच्या मापात मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे आणि कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस आणि तसली तहानलेली पिके घ्यायची नाहीत. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी भरायचा. आणि पाळी सांभाळायला गटाने आपला पाटकरी नेमायचा.

आता विचार करा, या नियमांनी चालणारा गट हीच एक शाळा नाही का? पाटकऱ्याला रोज कुणाला तरी ‘तुझी पाळी संपली’ असे सांगावे लागते. रात्री दोन वाजता मोटार बंद करताना त्याला नियम पाठ असावा लागतो, त्यामागचे कारणही सांगता यावे लागते, कारण समोरचा कधी चुलता असतो, कधी सावकार. गटप्रमुखाला वर्गणी थकवलेल्या घरी जावे लागते. नेतृत्वाचा अभ्यासक्रम यापेक्षा वेगळा काय असतो? साळुंखे २००२ मध्ये गेले. नंतर काही गट टिकले, काही विस्कटले. ऊस-बंदी पाळणे तर सर्वांत जड गेले, कारण शेजारच्या कालव्याखाली उसाचा पैसा डोळ्यांना दिसत होता. तरी पाण्याच्या समन्यायी वाटपाची महाराष्ट्रातली चर्चा आजही याच नियमांपाशी येऊन थांबते.

चार दिवसांचे शिबिर आणि ए-फ्रेम

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनने सत्यमेव जयते वॉटर कप सुरू केला. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते. २०१८ पर्यंत ७५ झाले. आमिर खानमुळे आणि दूरदर्शनवरच्या कार्यक्रमांमुळे लोकांच्या लक्षात राहिले ते श्रमदान आणि बक्षिसाची रक्कम. माझ्या लेखी या उपक्रमातला खरा धडा स्पर्धेच्या आधीच्या शिबिरात होता.

रचना साधी होती. स्पर्धेत उतरायचे तर ग्रामसभेचा ठराव हवा. मग गावाने आपल्यातले पाच जण निवडून निवासी प्रशिक्षणाला पाठवायचे, त्यांत महिलाही. शिबिर भरायचे ते पाणलोटाचे काम आधीच झालेल्या गावांच्या परिसरात, म्हणजे शिकवणारा जे सांगतो ते समोरच्या डोंगरावर दिसते. शिकवणारे बहुतेक जण गावांतलेच, आधी स्वतः चर खोदलेले. तांत्रिक बाजूला वॉटर (WOTR) संस्थेसारख्यांचा पाणलोटातला दीर्घ अनुभव होता. परत गेल्यावर स्पर्धेचा काळ सुरू: २०१७ पासून ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस. शिकलेले विसरायला वेळच नव्हता.

या शिबिरांतली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे ए-फ्रेम. साधारण सात फुटांच्या दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, पाय फाकवायचे, मध्ये आडवी काठी ठोकायची. वरच्या गाठीतून सुतळी सोडायची आणि तिच्या टोकाला दगड बांधायचा. झाला ओळंबा. आता ही चौकट जमिनीवर उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुणा करायच्या आणि सुतळी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे खडूने रेघ मारायची. मग चौकट उलटी फिरवायची, डावा पाय उजव्याच्या खुणेवर आणि उजवा डाव्याच्या, आणि पुन्हा रेघ मारायची. दोन रेघांच्या बरोबर मध्ये समपातळीची खूण. सुतळी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत.

डोंगराच्या अंगावर मग एक पाय रोवायचा, दुसरा वर-खाली सरकवत सुतळी खुणेवर आणायची, तिथे फक्की टाकायची, आणि त्या पायावर चौकट फिरवून पुढे चालायचे. अशी पांढरी रेघ उतारावर वळत जाते. ती डोळ्यांना वाकडी दिसते आणि पाण्याच्या दृष्टीने सरळ असते. तिच्यावर खणायचा तो सलग समतल चर. रेघ हातभर चुकली तर पावसाचे पाणी चराच्या एका टोकाला गोळा होते, तिथे बांध फोडते आणि चराऐवजी घळ तयार होते. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणाऱ्या मिस्त्रीला आणि कधी शाळेत न गेलेल्या आजीला इथे एकच सुतळी न्याय देते. गावात वयाने, जातीने, पैशाने ठरलेला शब्दाचा मान तेवढ्यापुरता बाजूला राहतो. हे मला फार मोलाचे वाटते.

त्याबरोबर कामाचा क्रमही शिकवला जातो: माथा ते पायथा. आधी डोंगरावर चर, मग ओघळींत दगडी बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती, सर्वांत शेवटी नाल्यावरचे बंधारे. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबवायचे, थांबलेल्याला मुरवायचे, हे पाणलोटातल्या लोकांच्या तोंडी बसलेले वाक्य आहे. उलट क्रमाने काम केले, म्हणजे वर काहीच न करता खाली बंधारा बांधला, तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. पण बंधारा रस्त्यावरून दिसतो आणि त्यावर नावाची पाटी लावता येते, म्हणून गावकी नेहमी बंधाऱ्यापासून सुरुवात मागते. शिबिरातून परतलेल्या पाच जणांची पहिली परीक्षा इथेच होते.

वेळू, काकडदरा, टाकेवाडी, सुर्डी या गावांनी २०१६ ते २०१९ या चार वर्षांत ओळीने पहिले बक्षीस घेतले. त्यानंतर वॉटर कप थांबला आणि त्याच्या जागी समृद्ध गाव स्पर्धा आली. तिच्यात पाण्याचे नियोजन, मातीचा कस, गवत, झाडे आणि कुटुंबाचे उत्पन्न असे विषय आले, आणि कालावधी ४५ दिवसांवरून दीड वर्षाच्या घरात गेला. मला हा बदल फार बोलका वाटतो. खोदण्याचे कौशल्य चार दिवसांत येते. साठलेले पाणी कशाला वापरायचे हे शिकायला पिकांचे दोन-तीन हंगाम जावे लागतात.

ताळेबंद मांडायला शिकणे

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला १९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा हा तरुण. गाव तेव्हा दुष्काळाने, दारूने आणि भांडणांनी पोखरलेले. पुढची कहाणी अनेकांना ठाऊक आहे: आदर्श गाव योजना, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही. २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री मिळाली. प्रशिक्षणाच्या दृष्टीने या गावाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की किती पाऊस झाला, विहिरींची पातळी काय, पिण्याला आणि जनावरांना किती राखायचे, उरलेल्यात रब्बीचे कोणते पीक किती एकर बसते, हे ग्रामसभेत मांडले जाते. पाऊस कमी, तर पीक कमी.

ताळेबंद कसा करतात ते एका नमुन्याच्या गावावर करून पाहू. क्षेत्र १,००० हेक्टर, पाऊस ४०० मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १०,००० लिटर पाणी होते. म्हणजे या गावावर वर्षाला ४०० कोटी लिटर पाणी पडले. आकडा ऐकून सगळे सुखावतात. पण त्यातले पुष्कळसे बाष्प होऊन जाते किंवा पिके आणि गवत तिथल्या तिथे पितात, काही ओढ्याने वाहून जाते. राज्याचा चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसला आहे आणि त्यात पाणी मुरायला जागा थोडी. शासकीय भूजल अंदाजात बेसाल्टसाठी पावसाच्या सात ते तेरा टक्के एवढाच वाटा जमिनीत मुरतो असे धरतात. आपल्या गावात ते २८ ते ५२ कोटी लिटर झाले.

यातून हजार माणसांचे दोन कोटी काढा. गुरे, शेळ्या, कोंबड्या यांचे काढा. पुढच्या जूनपर्यंत विहिरीत थोडे शिल्लक राहायला हवे तेही काढा. समजा रब्बीला ३० कोटी लिटर उरले. कांद्याला हेक्टरी ६० लाख लिटर धरले, तर ५० हेक्टर कांदा होतो आणि गोष्ट संपते. ज्वारीला सहा-सहा सेंटीमीटरच्या दोन संरक्षित पाळ्या द्यायच्या ठरवल्या, तर हेक्टरी १२ लाख लिटर पुरतात आणि २५० हेक्टर भिजते. ५० हेक्टर कांदा मोजक्या घरांचा असेल. २५० हेक्टर ज्वारीत बहुतेक सारे गाव येते, शिवाय कडबाही मिळतो. उसाला पाणी द्यायचे म्हटले तर जेमतेम १५ हेक्टर.

हा फळा ज्या क्षणी भरतो, त्या क्षणी बैठकीचे वातावरण बदलते. तोवर ‘पाणी कमी आहे’ हे एक रडगाणे असते. आकडे समोर आले की प्रश्न उभा राहतो तो निवडीचा: कुणाचे पीक, कुणाचा भाव, कुणाचे कर्ज. आपले शिबिरार्थी इथे गांगरतात, कारण त्यांना गणित शिकवलेले असते, गणितानंतर होणारी आरडाओरड शिकवलेली नसते. म्हणून ताळेबंदाचा सराव खोट्या आकड्यांवर घेऊ नये. ज्या गावचे प्रशिक्षणार्थी, त्याच गावच्या सात-बारावरचे क्षेत्र, त्याच गावच्या पर्जन्यमापकाचे आकडे आणि त्याच गावच्या पाच-सहा विहिरींची दोर टाकून मोजलेली खोली घ्यावी. पाणाड्याने नारळ हातावर घेऊन दाखवलेल्या जागेपेक्षा सलग तीन वर्षे मोजलेली विहीर जास्त सांगते, हे पटवायला दुसरा उपाय नाही.

मेंढा: शिकण्याची बैठक वेगळी, ठरवण्याची वेगळी

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटेसे गाव आहे, घरे शंभराच्या आसपास. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तोवर तो परवाना वनखातेच देत असे.

देवाजी तोफा यांचे नाव या गावाबरोबर घेतले जाते, आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे वर्षानुवर्षे साथ दिली. पण मेंढ्याने स्वतःला एका पुढाऱ्याचे गाव होऊ दिले नाही. निर्णय सर्वसहमतीने, एकाचाही विरोध असला तर विषय पुन्हा चर्चेला. अशा पद्धतीत गाडी अडून राहील असे बाहेरच्याला वाटते. ती अडली नाही याचे श्रेय अभ्यासगटांना आहे.

अभ्यासगट म्हणजे ज्यांना एखाद्या विषयात रस आहे त्यांनी एकत्र बसून तो समजून घ्यायचा. कायदा असेल, मध असेल, जमाखर्च असेल. बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, प्रश्न विचारायचे, वाद घालायचे. मात्र अभ्यासगटात काही ठरवायचे नाही. ठरवायचे ते ग्रामसभेत, सगळ्यांनी मिळून. त्यामुळे अभ्यासगटात कुणाला आपली बाजू जिंकायची नसते, चुकीचा प्रश्न विचारायला भीती नसते; आणि ग्रामसभेत विषय येतो तेव्हा तो समजलेले दहा-पंधरा जण तरी बसलेले असतात. मधाच्या अभ्यासातून पोळे जाळून माशा मारण्याऐवजी पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची रीत गावाने अंगीकारली. माशा वाचल्या, पोळे टिकले, पुढच्या खेपेला पुन्हा मध.

शहरातल्या संस्था नेतृत्व-शिबिरात ‘निर्णयक्षमता’ शिकवतात. मेंढ्याने निर्णय लांबवायला शिकवले. जंगलासारख्या गोष्टीत, जिथे आज तोडलेला साग परत यायला पिढी जाते, तिथे मला हे शहाणपण वरच्या दर्जाचे वाटते. मिलिंद बोकील यांनी या गावावर ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिले आहे. गावपातळीवर काम करू पाहणाऱ्याने ते वाचावे.

आणखी एक मुद्दा. हक्क मिळाल्यावर ग्रामसभेसमोर येतात ती कामे वेगळीच असतात: निविदा काढणे, बांबूचे बंडल मोजणे, ठेकेदाराशी करार, बँकेचे खाते, मजुरीचा हिशेब, कोणत्या कूपात (जंगलाच्या तुकड्यात) यंदा तोड आणि कोणता राखायचा. विदर्भात आज अनेक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. त्यांतल्या तरुणांना जंगलप्रेमाचे धडे नकोत, ते त्यांच्याकडे आहे. त्यांना वहीखाते आणि कार्ययोजना हवी आहे.

एक एकरापासून

महिलांना पंचायतीत निम्म्या जागा राखीव झाल्या त्याला आता एक तप उलटून गेले. तरी पाण्याच्या आणि शेतीच्या बैठकीत बाई बोलू लागली की ‘सातबारा कुणाच्या नावावर आहे?’ हा प्रश्न अजून येतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात रुजलेल्या स्वयंशिक्षण प्रयोग या संस्थेने यावर शोधलेली वाट मला विलक्षण वाटते. लातूर-धाराशिवच्या दुष्काळी पट्ट्यात त्यांनी महिलांना सांगितले: घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घ्या. त्यात नगदी पीक नको. भाज्या, कडधान्ये, ज्वारी-बाजरी अशी मिसळ, खत घरचे, पाणी कमी.

दिसायला ही शेतीची शिफारस आहे. पण ती एक एकर जमीन नवऱ्याकडून, सासऱ्याकडून मागून घेणे हाच तिच्या आयुष्यातला पहिला वाटाघाटीचा धडा असतो. घरातला वाद निभावलेली बाई पुढे कृषी सहायकापुढे आणि बँकेपुढे उभी राहते, शेजारणीला शिकवते. दुष्काळी वर्षात सोयाबीन गेले तरी त्या एकराने घरी खायला दिले, की गावातले पुरुषही येऊन पाहतात. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचेही उदाहरण याच जातीचे. शाळा नाही, पण गावरान वाणांची पारख आहे. बायफ संस्थेने त्यांना बियाणे बँकेची शास्त्रीय बैठक दिली. ज्ञान मूळचे त्यांचे. आज लोक त्यांच्याकडे शिकायला जातात. प्रशिक्षण देणाऱ्याने कधी कधी फक्त ओळखायचे असते की समोर गुरू बसला आहे.

कुठे अडते

राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानावरचा कॅगचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. हजारो कोटी खर्चूनही गावांची पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजलपातळी उंचावण्यात फारसा फरक पडला नाही, असा त्याचा सूर होता. कारणांत एक जुनेच कारण होते: पाणी वाढले तसे उपसा आणि नगदी पिके वाढली. अनेक गावांत पोकलेन लावून नाले खोल केले गेले, माथ्यावरचे चर राहिले. यंत्र आले की ए-फ्रेम धरणाऱ्या हातांचा विचार कुणी घेत नाही. तासाचा दर ठरलेला असतो आणि खोली हेच काम मोजायचे माप होते.

कायदा मदतीला आहे, पण दुबळा. महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घेण्यावर बंदी आहे. बोअरच्या गाड्या रात्री गावात येतात आणि ५००-७०० फुटांच्या गप्पा उघड चालतात, हे सर्वांना दिसते. शिबिरात शिकलेल्या माणसाने ती गाडी अडवावी अशी अपेक्षा ठेवणे अन्याय आहे. त्याच्या मागे ग्रामसभेचा ठराव आणि तहसीलदाराचा फोन दोन्ही हवेत.

मग माणसांचे प्रश्न. शिबिराला जाणारा तरुण बहुतेक वेळा तोच असतो ज्याला हाताला काम नाही. काम मिळाले की तो पुण्याला किंवा चाकणला जातो, आणि गावाचे शिकलेले डोळे त्याच्याबरोबर जातात. सरपंच पाच वर्षांनी बदलतो; नव्याला आधीच्याचा चर नकोसा वाटतो. जातीच्या वस्त्या जिथे वेगळ्या, तिथे चर कुणाच्या डोंगरावर आणि पाणी कुणाच्या विहिरीला, यावर सगळे येऊन ठेपते. भूमिहीन मजुराने श्रमदान करायचे आणि पाणी पाच एकरवाल्याला मिळायचे, हा प्रश्न पाणी पंचायतीने १९७० च्या दशकात सोडवून दाखवला होता. नंतरच्या बहुतेक कार्यक्रमांनी तो टाळला. मला याचे सर्वांत जास्त वाईट वाटते.

शिबिर आखताना

एका गावातून एक माणूस बोलावू नये. पाच बोलवावेत, त्यांत दोन-तीन बायका, एक भूमिहीन घरचा माणूस आणि ज्याची बोअर गावात सर्वांत जास्त चालते त्याच्या घरचा एक. शेवटचा सुरुवातीला त्रास देईल. पण तो बाहेर राहिला तर पुढची सगळी वर्षे त्रास देईल.

सगळे एका आठवड्यात कोंबू नये. उन्हाळ्यात ए-फ्रेम आणि चर. मृगाच्या आधी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद घेण्याची जबाबदारी दोन मुलांवर. श्रावणात शिवारफेरी, कुठला चर फुटला, कुठे पाणी थांबले ते पाहत. दसरा-दिवाळीच्या मध्ये ताळेबंद. माघात विहिरींची दुसरी मोजणी, म्हणजे ठरवलेले पाळले गेले का ते कळते. प्रत्येक टप्प्याला शिकवणारा दोन दिवस गावात राहायला हवा. हे खर्चिक आहे. तरी फलक, टोप्या आणि सभागृहाच्या भाड्यावर जाणारा पैसा इकडे वळवला तर बरेच भागते.

बैठकीत बोलण्याचा सराव मुद्दाम घ्यावा. एकाने उसवाला व्हायचे, एकीने टँकरची वाट पाहणारी व्हायचे, एकाने ठेकेदार, आणि प्रशिक्षणार्थ्याने अर्ध्या तासात ठराव लिहून काढायचा: तारीख, मुद्दा, ठरलेले, जबाबदार कोण, मोडल्यास दंड किती. ठराव ढिसाळ शब्दांत लिहिला की सहा महिन्यांनी त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या सोयीचा होतो. ‘पाणी जपून वापरावे’ हा ठराव नव्हे. ‘एक फेब्रुवारीनंतर पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत शेतीचा उपसा बंद’ हा ठराव.

शिकण्याच्या जागाही जवळ आहेत. हिवरे बाजारला गावे पाहायला आणि शिकायला येतात. संगमनेर तालुक्यात दरेवाडीला वॉटर संस्थेचे प्रशिक्षण केंद्र आहे. ग्रामपंचायत सदस्यांसाठी पुण्यात यशदा ही शासकीय प्रशिक्षण संस्था आहे. जाताना आपल्या गावचा नकाशा, गेल्या तीन वर्षांचा तालुक्याचा पाऊस आणि विहिरींची यादी सोबत न्यावी, आणि परतल्यावर आठ दिवसांच्या आत ग्रामसभा लावावी. तिचा अजेंडा निघतानाच सरपंचांच्या सहीने ठरवून ठेवलेला बरा.